हॅलोमावशी आणि चारचा फोन

माझी मुलगी ज्या संशोधन केंद्रात काम करते, तिथे फोनवर एक बाई बसतात. सगळे त्यांना हॅलोमावशी म्हणतात. आधी कितीतरी वर्षं त्या रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात होत्या. निवृत्त झाल्यावर इथे आल्या. काम दिसायला सोपं. केंद्रातली मुलं धोक्याच्या भागात गेली की त्यांनी रोज दुपारी चारला फोन करायचा आणि मावशींनी तो घ्यायचा. इथून उलटा फोन लावायचा नाही. तिथल्या लष्करी चौकीवर भलत्या वेळी वाजलेला फोनही संशयाला पुरतो, म्हणून तिकडे सगळे फोन बंदच ठेवतात.

मुलीचा विषय असा: जिथे दोन फौजा समोरासमोर उभ्या आहेत, तिथेही लहान मुलांना लस देण्यापुरत्या बंदुका थांबतात. हा दिलेला शब्द कुठे पाळला जातो, कुठे मोडतो आणि का, याचा ती अभ्यास करते. मी शिकलेली बाई आहे, या कामाचं मोल मला कळतं. पण ती निघाली की मला दुसरं काही सुचत नाही, आणि तिथे पदवीचा काही उपयोग होत नाही.

घरच्या माणसांना फोनच्या वेळी खोलीत बसू द्यायची पद्धत मावशींचीच. केंद्रप्रमुखांनी सुरुवातीला हरकत घेतली होती, "ही काय वेटिंग रूम आहे?"

"साहेब, घरी बसून हे लोक दहादा मला फोन लावतात," मावशी म्हणाल्या. "इथे बसले तर लाइन तरी मोकळी राहते."

त्या दिवशी खोलीत मी एकटीच होते. मुलगी लस देणाऱ्या परिचारिकांच्या गाडीतून पहिल्यांदाच दोन फौजांमधल्या रेषेपलीकडच्या गावांत गेली होती. चार वाजले. फोन आला नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले.

"कळवा ना आता सुरक्षावाल्यांना," मी म्हणाले.

"नियम एक तासाचा आहे ताई. पाचला कळवते."

"तासाभरात काय वाटेल ते होईल."

"होईल. आणि आत्ता कळवलं तर बंदूकवाल्या गाड्या शोधायला निघतील. त्या दिसल्या की पलीकडचे म्हणतील, लशीच्या आडून फौज आणली. तुमची मुलगी परत येईल हो. त्या परिचारिकांची घरं तिथेच आहेत."

मला ते ऐकायचं नव्हतं. "तुमचं कोणी तिथे असतं म्हणजे कळलं असतं," मी बोलून गेले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बोला, बोला. मला सवय आहे. रुग्णवाहिकेला उशीर झाला की लोक माझ्या सात पिढ्यांची चौकशी करायचे."

मी उठून खिडकीशी गेले, परत आले. मावशी हलल्या नाहीत. पाचच्या ठोक्याला त्यांनी दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि सुरक्षा कक्षाचा नंबर फिरवायला घेतला. तेवढ्यात पहिला वाजला.

"हॅलो मावशी, सगळं ठीक. आम्ही आरोग्य उपकेंद्रात आहोत."

"कुठे मेली होतीस?"

"का? बरोबर चारला तर केलाय."

"बये, पाच वाजलेत."

पलीकडे कुजबुज झाली, मग परिचारिकांचं हसू. रेषेपलीकडच्यांनी महिन्याभरापूर्वी आपलं घड्याळ तासभर मागे घेतलं होतं. राज्य आमचं, तर वेळही आमची, असा हिशेब. पाहणीचे कागद भरण्यात दंग असलेली आमची विदुषी हातात घड्याळ घालत नाही. उपकेंद्राच्या भिंतीवरचं घड्याळ बघून चार वाजायची वाट पाहत बसली होती. तिच्या मते ती अगदी वेळेवर होती.

"आईला द्या," ती म्हणाली. मी नाक ओढतच रिसीव्हर घेतला.

"अगं आई, रडतेयस की काय?"

"जेवलीस का?" एवढंच मी विचारू शकले.

ती घरी आल्यावर मला पुढचं समजलं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने पुढच्या दोन गावांत लस दिली. "साडेचारला गाड्या आल्या असत्या ना आई, तर तिथेच सगळं थांबलं असतं," ती म्हणाली. त्या गावांतल्या आयांना माझं नावही माहीत नाही. त्यांची मुलं माझ्या घाबरण्यातून वाचली, ती एका बाईच्या शांत बसण्यामुळे.

आता मावशी प्रत्येकाला आधी विचारतात, "तुझ्याकडे किती वाजले?" केंद्रप्रमुखांनी तो प्रश्न नियमांत घातला आहे.

मी एकदा मुद्दाम त्यांचे आभार मानायला गेले. त्या दिवशी बोलले त्याबद्दल वाईट वाटतं, असंही म्हणाले.

"सोडा हो ताई," त्या म्हणाल्या. "मीही तेवढीच घाबरले होते. फरक एवढाच, की मला त्याचा पगार मिळतो."

सध्या मुलगी पुन्हा तिकडे आहे. काळजी गेलेली नाही, जाणारही नाही. पण ती आता एकटीने वाहावी लागत नाही, आणि यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.