काकींनी सोडलेली रापण

शेवंतीकाकी रोज सकाळी नारळाचं एक सोडण, म्हणजे वाळकी साल, समुद्रात भिरकावायच्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या. कुडाळच्या कचेरीत उमर घालवून मी मालवणजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. पण ज्या जागेवरून ते सोडण खोल समुद्राकडे ओढलं जाई, तिथे किनाऱ्यावर त्या काठी रोवून लाल फडकं बांधत. "जंय लाट फुटणा नाय, थंय पाय घालू नको," त्या म्हणत. "पाणी थंयसूनच भायर जाता." पाहुणे मात्र नेमके तिथेच उतरत. दोन्ही बाजूंना लाटा आपटत असताना मधलं सपाट पाणी शहरी माणसाला मोठं प्रेमळ वाटतं.

पाहुणे माझेच. घरातल्या चार खोल्या मी त्यांना भाड्याने द्यायचो आणि काकी त्यांना कोंबड्यांसारखं पाण्यातून हाकलायच्या. रापण त्यांच्या घराण्याची. नवऱ्यामागे ते अजस्र जाळं आणि ते किनाऱ्यावरून ओढणारी तीस माणसं त्यांनीच सांभाळली होती. आवाजाला धार होती ती उगाच नव्हे. मी एकदा विनवून पाहिलं, "काकी, पाहुणे घाबरतात हो."

"भियांदेत रे वसंता! भियालेले जित्ये घराक जातत."

पुढचं लिहायला मला आजही लाज वाटते. भाद्रपद सरत आला होता, समुद्राची मस्ती अजून उतरली नव्हती. साताऱ्याचे कदम बायकोला घेऊन माझ्याकडे उतरले होते. म्हटलं, दोन दिवस सुखाने डुंबू देत बिचारे. आणि सकाळी काकींची पाठ वळताच मी ती काठी उपटून केवड्यात टाकली.

मोसमातली पहिली रापण किनाऱ्याशी येत होती. जाळ्यात बांगडा चमचमत होता. तेवढ्यात कदमबाईंची किंकाळी आली. कदम त्या सपाट पाण्यातून किनाऱ्याकडे हात मारत होते आणि मागे मागेच जात होते.

काकींनी कोयती उचलली आणि रापणीची दोरी तोडली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बांगडा निसटला. दोरीचं टोक कमरेला बांधून त्यांचा मुलगा बाबल पाण्यात शिरला. आणि ज्या काकींना मी जन्मात मालवणीशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं, त्या कचेरीतल्या मराठीत गरजल्या, "साहेब, किनाऱ्याकडे येऊ नका! आडवे पोहा! आडवे!"

कदम आडवे वळले. ओढीतून सुटले. बाबलने त्यांना कवेत धरलं आणि आम्ही रापण ओढावी तशी "हय्या हो" करत दोरी ओढली. मीही ओढली. वाळूवर पडून कदम पाणी ओकले, खोकले, बायकोचं नाव घेऊन रडले. सारा किनारा आनंदाने ओरडला.

मला राहवेना. काठी मी उपटली, हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबल माझ्या अंगावर धावून आला. काकींनी त्याला हातानेच थोपवलं.

रापणीचा एक रिवाज आहे. दोरीला ज्याचा हात लागला, त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो वाटसरू का असेना.

"दोरीक हात लावलंस मां? मगे वाटो घे," काकी म्हणाल्या आणि कदमांचा हात त्यांनी माझ्या हातात दिला. "आज ह्योच गावलो. आता नीट संभाळ."