दुसऱ्या बाकड्याला ऐकू जाईल अशी मतं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार म्हातारे रोज एका बाकड्यावर बसले की ते आपोआप साचतात, गाळणीत चहाचा चोथा साचतो तसे. आमची गाळणी म्हणजे केजच्या स्टँडसमोरचं सलीमभाईचं हॉटेल. मी चाळीस वर्षं या स्टँडवर गाड्यांच्या टपावर गठुडी चढवली. शाळा बघितली नाही, अक्षरं गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलो. म्हणून सावकाश लिहितो. तुम्हीही सावकाश वाचा.

आमच्यातला खरा शौकीन हरीभाऊ. रिटायर एस.टी. ड्रायव्हर. मालिका, गाणी, मोबाईलवरचे गेम, सगळ्यावर त्याचं मत असतं, आणि ते ड्रायव्हरच्या सीटवरूनच येतं.

एकदा टीव्हीवर पिक्चर लागला होता. हिरो गुंडांच्या मागं गाडी पळवत होता. अख्खं हॉटेल चहा विसरलं. हरीभाऊ म्हणाला, "तीन बारी वळला. आरशात एकदाबी बघितलं न्हाई."

पुढं हिरोची गाडी उडाली आणि पलीकडच्या पुलावर जाऊन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरीभाऊ मात्र हिरो खाली उतरेपर्यंत थांबला, मग कौतुकानं म्हणाला, "उतरताना हँडब्रेक लावला बघा गड्यानं. कुठंतरी शिकलेला हाय."

*

संध्याकाळच्या मालिकेत एक खाष्ट सासू होती. सगळे तिला शिव्या द्यायचे. हरीभाऊला ती लई आवडायची. "बाकीचे नुसते रडायलेत. काम ती एकटी करती. असली बाई डेपो म्यानेजर पायजे होती, एक गाडी लेट झाली नसती."

पण त्याच मालिकेनं घात केला. एका भागात त्या सासूचा पोरगा बायकोला घेऊन वेगळा झाला. हरीभाऊ मोठ्यानं बोलून गेला, "चूक बापाची हाय. उगंच पोरगं कशाला घर सोडील?"

शेजारी वसंतराव बसला होता. बावीस वर्षं हरीभाऊच्या गाडीवरचा कंडक्टर. त्याच आठवड्यात त्याचा पोरगा वेगळा झाला होता. हरीभाऊला ते ठाऊक होतं, पण मालिका बघताना त्याला घरदार आठवत नाही. वसंतरावनं अर्धा चहा खाली ठेवला आणि दाराजवळच्या दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला.

पुढची दोन वर्षं तसंच चाललं. आम्हा सगळ्यांशी बोलायचा. हरीभाऊशी नाही.

*

माफी मागणं हरीभाऊला जमत नाही. मी दोनदा सांगून बघितलं. तो म्हणायचा, "त्याच्यासमोर गेलो की जीभ उचलत न्हाई, मामा." त्यानं एकच केलं. आवाज वाढवला. आधी तो मतं आम्हाला सांगायचा, आता प्रत्येक मत दाराजवळच्या बाकड्यापर्यंत जाईल असं सांगायला लागला. नवीन माणसाला वाटायचं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

*

गाण्याबद्दल त्याचा कायदा साधा. घाट चढताना ज्या गाण्यानं डोळा लागत नाही ते गाणं चांगलं. एकदा एका प्रवाशानं मोबाईलवर ते भराभर बोलायचं नवीन गाणं लावलं. आम्हाला वाटलं आता हरीभाऊ त्याला हाकलतो. त्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. "ह्याला क्लचच न्हाई, डायरेक टॉपमधी. पण ताल सोडला न्हाई बघा कुठं. परत लाव."

परत लागलं. मी हळूच त्याच्या कानात सांगितलं की वसंतरावचा पाय हलायलाय.

"कोणता?"

"डावा."

"मंग खरं हाय. उजवा दुखतो त्याचा."

त्या दिवशी सगळ्यांचा चहा हरीभाऊकडून झाला.

*

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू होती. त्यात आपल्याकडची एक सावळी पोरगी होती, बिचारीला सूर लागायच्या आधी घाम फुटायचा. मोबाईलवरून मत द्यायचं होतं. हरीभाऊ सलीमभाईला मोरीकडं घेऊन गेला आणि गुपचूप त्याच्या हातून तिला मत देऊन आला. थोड्या वेळानं वसंतरावनंही सलीमभाईला मोरीकडं नेलं.

सलीमभाईच्या पोटात काही राहत नाही. गल्ल्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोघांनी एकाच पोरीला दिलं. मोरी तेवढी दोनदा बघावी लागली मला."

दोघेही टीव्हीकडं बघत राहिले. टीव्हीवर तेव्हा साबणाची जाहिरात होती.

*

मग बातमी आली. वसंतरावची मुलगी त्याला पुण्याला न्यायलीय, दिवाळी झाली की, कायमचं.

दोन दिवस हरीभाऊनं कशावरच मत दिलं नाही. खाष्ट सासू जिन्यावरून पडली, तरी गप्प. सलीमभाईनं मला विचारलं, "मामा, इनकी तबियत बरी हाय ना?"

*

वसंतराव जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. हरीभाऊ मोबाईलवर गाडी चालवायचा गेम घेऊन आला. आम्ही भोवती जमलो. आधी त्यानं गाडी तपासली. "आरसे हायेत. वायपर चालतो. आतला पंखाबी फिरायलाय. ज्यानं केलंय त्यानं लई मन लावून केलंय." गाडी चालू केली. फलाट लागला, माणसं चढली, दार बंद झालं.

गाडी हलेना. वरती घड्याळ लाल होऊन पळायला लागलं.

"चल की," मी म्हणालो.

"बेल कुठं झाली?"

सलीमभाईनं समजावलं की गेममध्ये कंडक्टर नसतो, ड्रायव्हरनंच निघायचं. हरीभाऊ म्हणाला, "डबल बेल झाल्याबिगर तीस वर्षांत गाडी हलवली न्हाई. आता म्हातारपणी हलवू का?"

वेळ संपली. गेम हरला. परत लावला, परत माणसं चढली, परत हरला. तिसऱ्यांदा सलीमभाईनं वैतागून चमच्यानं ग्लास दोनदा वाजवला.

"तू कंडक्टर हायेस का बे?" हरीभाऊ म्हणाला. पाय ब्रेकवर असल्यासारखा जमिनीला दाबून धरलेला.

दाराजवळचं बाकडं वाजलं. वसंतराव उठला, डाव्या पायावर भार देत आला आणि हरीभाऊच्या मागं उभा राहिला. चष्मा वर करून मोबाईलमध्ये वाकून बघितलं.

"थांब," तो म्हणाला. "मागून एक बाई चढायलीय."

हरीभाऊ थांबला. बाई चढली. वसंतरावनं सलीमभाईच्या हातातला चमचा घेतला आणि ग्लासवर दोन ठोके दिले.

गाडी निघाली. एक चौक गेला, पूल गेला. आमच्यापैकी कुणी घोट घेतला नाही. मान न वळवता हरीभाऊनं विचारलं, "वसंता, पुण्याला जायलास म्हणं?"

वसंतराव म्हणाला, "गाडी चालू असताना ड्रायव्हरनं बोलायचं न्हाई. फुडं बघ."