तुळजापूरच्या घाटात माझ्या मागे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे प्रत्येक ‘अनुभवा’मागे वारा, उंदीर नाहीतर अपचन शोधायची खोडच लागलेली. आता माझी पाळी आलीय... उडवा खुशाल.

मागच्या हिवाळ्यात मी आणि बसवराज दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडची तयारी करत होतो. बसू मूळचा वळसंगचा, शाळेपासूनचा माझा मित्र, सोलापुरात शिलाईचं दुकान. आमच्याकडचे रस्ते परातीसारखे सपाट. चढाचा सराव म्हणजे तुळजापूरचा घाट. दर रविवारी तो चढायचाच, हा हट्ट माझा.

त्या सकाळी पायथ्याशी बसू म्हणाला, “सुन्या, छातीत जड वाटायलंय गड्या.”

“काल शेंगाचटणी हाणली असशील. ॲसिडिटी ती. चढ लागला की ढेकर येईल, चल,” मी म्हणालो. हे वाक्य मला रोज आठवतं.

घाटात ट्रक अंगाला घासून जातात, मान वळवली की सायकल हेलकावते. म्हणून आमचा नियम — मागे बघायचं नाही. पुढच्याने प्रत्येक वळणावर ओरडायचं, “हाईस का?” मागच्याने म्हणायचं, “हाय!” उत्तर आलं नाही तरच थांबायचं.

पहिल्या वळणावर ओरडलो. “हाय!” दुसऱ्या वळणावरही — “हाय!” आवाज बसूचाच, धापा टाकणारा. त्याच्या चेनची करकरसुद्धा येत होती. शेवटच्या चढावर माझ्याच पोटऱ्या भरून आल्या. पाय टेकणार, तेवढ्यात अगदी पाठीशी, “थांबू नगं. चल की!” मी चिडून दामटली.

वर पोचून वळून बघितलं... रस्ता रिकामा.

खिशातला मोबाईल सायलेंटवर होता. बसूचे चार मिस्ड कॉल. उलट लावला तर एक बाई बोलली, “पायथ्याला च्याचं दुकान हाय की माजं. तुमचं दोस्त हितं पडलेत. तुमी म्होरं गेला अन् लगीच पडले. सारकं तुमचं नाव घेत व्हते... आता बोलंनात.”

सुसाट खाली आलो. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर...

रडून झाल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. राइडचं ॲप आणि कॉलच्या वेळा समोर ठेवून बसलो. पहिला कॉल आला तेव्हा मी दुसऱ्या वळणावर होतो. शेवटचा आला तो मी वर पोचायच्या जरा आधी. आत्मा म्हणावा, तर बसू तेव्हा जिवंत होता, खाली पडून मला फोन लावत होता. प्रतिध्वनी म्हणावा, तर “चल की” मी बोललोच नव्हतो. भास? असेल. पण तो झाला नसता तर मी पहिल्याच वळणावर मागे फिरलो असतो.

तेराव्याला वहिनींनी विचारलं, “भावजी, येकदा बी आवाज दिला न्हाईत त्यास्नी?”

काय सांगणार? आवाज दिला होता आणि उत्तरही आलं होतं, हे त्या माउलीला कसं सांगू? म्हणालो, “कानात इअरफोन होते, वहिनी. गाणी ऐकत होतो.”

त्या दिवसापासून त्या माझं तोंड बघत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. खरं काय ते आज पहिल्यांदाच लिहितोय. त्या घाटात माझ्या मागे कोण चढत होतं, मला अजून कळलेलं नाही.