केरूचं तिसरं फाटक

केरूचा जन्म फाटकं राखण्यात गेला. विशीत तो रोह्याला एका कंपनीच्या गेटवर उभा राहिला. पास बघायचा, सलाम ठोकायचा. मग रेल्वेत लागला. जिते स्टेशनाजवळच्या फाटकावर त्याने तेहतीस वर्षं काढली. तिथे सलाम नव्हता, शिव्या होत्या. ट्रकवाले हॉर्न बडवत आणि केरू लाल झेंडी धरून ढिम्म उभा.

निवृत्त झाला तेव्हा झेंड्या परत कराव्या लागल्या. त्याने पेणच्या शिंप्याकडून तशाच दोन शिवून घेतल्या. शिट्टी विकत आणली. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रोह्याकडचं भाताचं, वालाचं शेत भाऊ करत होता. म्हणून नवरा-बायको धोंडुबाईच्या माहेरी, धरमतरच्या खाडीकाठी राहायला आली.

"साठीला घरजावई झाला गो तुझा नवरा!" धोंडुबाईचा चुलतभाऊ मोरू पहिल्याच दिवशी म्हणाला.

दोन महिने केरू ओटीवर बसून होता. दारासमोरून म्हैस गेली तरी उभा राहायचा. धोंडुबाईला ते बघवेना. तिने गावाच्या बैठकीत जाऊन सांगितलं, "उघाडी माझ्या माणसाला द्या."

उघाडी म्हणजे खाडीच्या बंधाऱ्यातलं दार. खाचेत जाड फळ्या सोडायच्या की दार बंद. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरतीआधी बंद करायचं. नाहीतर खारं पाणी आत येतं आणि भात जळतं.

"डोंगराकडचा माणूस हाय तो," मोरू म्हणाला. पण जुना राखणदार मुलाकडे निघून गेला होता आणि दुसरं कोणी तयार नव्हतं.

नारळी पौर्णिमेला केरूने ताबा घेतला. लोक खाडीला नारळ देत होते. केरू घड्याळ बघत होता. सकाळी नऊला त्याने दार बंद केलं. बाराला खाडी भरली. तीनला पाणी पुरेसं उतरलं तसं दार उघडलं. संध्याकाळी पुन्हा बंद. त्याने वहीत टाईमटेबल लिहिलं: बंद नऊ, उघड तीन, बंद सात. दुसऱ्या दिवशी तेच. मग दोन दिवस पाऊस नव्हता, दार बंदच राहिलं; टाईमटेबल मात्र तेच. गाडी उशिरा येईल, फाटक उशिरा पडणार नाही.

चतुर्थीला बरोबर तीनच्या ठोक्याला, भर भरतीत, केरूने दार उघडलं.

पाणी असं घुसलं की तो मागे पडला. चिखलात लोळत त्याने फळ्या परत बसवल्या. तोवर मोरूच्या खालच्या खाचरात बोय मासे उड्या मारत होते.

"दाजी, भात लावलंय मी, मच्छी नाय!" मोरू बंधाऱ्यावरून ओरडला.

"पण तीनच वाजलेत रं!"

"खाडीला कुठं घड्याळ हाय?"

मोरूने गोडं पाणी सोडून खाचर धुऊन काढलं, म्हणून भात वाचलं. पण बैठकीत ठरलं, अमावस्येचं उधाण होईपर्यंत बघायचं. पुन्हा चूक झाली तर उघाडी दुसऱ्याला.

केरू त्या रात्री जेवायला उठेना. धोंडुबाईने ताट झाकलं आणि समोर बसली.

"आज तिथी कंची?"

"चतुर्थी."

"चाराचे पाऊणपट किती?"

"तीन."

"मग तीनला भरती. उद्या पंचमी, पावणेचारला. पुनवेपासून मोजायचं, आवशेपासून पुन्हा नव्यानं. येवढंच हाय."

"हे आधी नाय सांगितलंस?"

"तुमी विचारलं व्हतं? टाईमटेबल लिवत व्हतात."

केरू हसला. मग जेवला. दुसऱ्या दिवशी त्याने वहीतलं पान फाडलं आणि कालनिर्णयाखाली खिळ्याला नवी वही टांगली. तिच्यात तिथ्या होत्या.

अमावस्या उजाडली. भरती बाराला. केरू आठलाच उघाडीवर. शेवटची फळी खाली सोडली आणि ती वीतभर वर अडली. आतलं पाणी जाताना एक ओंडका वाहत येऊन खाचेत रुतला होता. केरूने पहार घातली. ओंडका हलेना. खाडीचं पाणी चढू लागलं. एकट्याचं काम नव्हतं. गाव लांब, आणि सगळे शेतात.

फाटक बिघडलं तर काय करायचं, हे त्याला तेहतीस वर्षं पाठ होतं. त्याने कमरेची लाल झेंडी काढली. बंधाऱ्याच्या उंच टोकावर चढला. शिट्टी फुंकली. एकदा नाही, थांबलाच नाही.

शेतातली माणसं आधी हसली.

"दाजीची गाडी आली वाटतं!" हिरामण म्हणाला.

मोरूने मान वर केली. झेंडी नुसती हलत नव्हती, हवा झोडपत होती. "गाडी नाय रं, पाणी!" म्हणत तो चिखलातून पळत सुटला. मागून सगळे. कोणी पेंढा आणला, कोणी खताच्या रिकाम्या गोण्यांत चिखल भरला. बायजा म्हातारीने घरातली गोधडी आणून दिली. चार जण गळाभर पाण्यात उतरले. केरू वरून हुकूम सोडत होता, "डावीकडं दाबा! अजून! थांब मोरू, तुझा पाय काढ आधी!"

अकराला दार पुरतं बंद झालं. बाराला खाडी बंधाऱ्याच्या काठाला टेकली. आत भात हिरवंगार उभं होतं. सगळे चिखलाने माखून ओळीने बसले आणि एकमेकांची तोंडं बघून हसायला लागले.

"जित्याला बी असंच ओरडायचात काय लोकांवर?" मोरूने विचारलं.

"तिथं लोक ऐकत नव्हते," केरू म्हणाला.

धोंडुबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली. कोणी हात धुतले, कोणी नाही. पाणी उतरेपर्यंत कोणीच उठलं नाही. ओहोटीत ओंडका काढला आणि केरूने फळ्या उचलल्या. त्याने हिरवी झेंडी दाखवली. पाणी खळाळत खाडीत निघालं.

मोरू घरी निघाला. चार पावलं जाऊन वळला.

"दाजी, उद्याची भरती कितीला?"

केरूने वही उघडली नाही.

"पाडवा. पाऊण वाजता."

"मग मी साडेनवाला येतो," मोरू म्हणाला. "शिट्टी नका वाजवू, म्हशी बुजतात माझ्या."