मामांच्या गाडीचा धूर

माझ्या मामासासऱ्यांइतका त्रासदायक प्रामाणिक माणूस बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसावा, आणि असलाच तर त्या दोघांची गाठ पडू नये. पडली तर जिल्ह्यातले निम्मे आठवडी बाजार त्याच दिवशी उठतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सारी नोकरी त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. दुकानदाराचा काटा खरा आहे की नाही, किलोचं वजन किलोभर भरतं की नाही, हे तपासत जिल्हाभर फिरायचं. निवृत्त होऊन मोताळ्याच्या घरी येऊन बसल्याला बरीच वर्षं झाली, पण काटा काही डोक्यातून उतरलेला नाही. भाजीला जाताना अजूनही पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन असतं. धाडच्या बाजारात एका मिरचीवालीनं एकदा वैतागून विचारलं, "साहेब, तुम्ही तं रिटायर झाले न?" मामा शांतपणे म्हणाले, "मी झालो बाई. किलो थोडाच झाला!" पेट्रोल पंपावर गेले की आधी पाच लिटरचं माप मागवून तपासतात आणि मागे रांग लागली की रांगेलाच समजावून सांगतात की हा तुमचाही हक्क आहे. आमचा मुलगा जन्मला तेव्हा नर्सनं आनंदानं वजन सांगितलं, तर यांनी दुपटं वेगळं मोजायला लावून ते वजा केलं. माझ्या सासूबाई त्यानंतर बरेच दिवस सख्ख्या भावाशी बोलत नव्हत्या.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट मापाबाहेरची होती, ती म्हणजे त्यांची गाडी. पेट्रोलवर चालणारी जुनी अँबॅसिडर, एका वकिलाकडून घेतलेली. रंग मुळात पांढरा असावा, आता दुधी भोपळ्याच्या सालीसारखा झाला आहे. मामा ती बैलगाडीच्या सबुरीनं चालवतात, वळताना इंडिकेटर देतात आणि शिवाय हातही बाहेर काढतात, कारण "दिवा दिसला नाही तं हात तं दिसन." पण गाडीचा खरा हक्क मामींचा. मामींना दुसरं कुठलंच वाहन सोसत नाही. एसटीत बसल्या की उलटी, काळीपिवळीत बसल्या की उलटी, आणि माझ्या नव्या कोऱ्या एसी गाडीत तर दार लावल्याबरोबरच. अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर मात्र दोन्ही काचा खाली करून त्या राणीसारख्या बसतात आणि लोणारपर्यंत पेरूच्या फोडी खात जातात. लोणारला त्यांची थोरली बहीण असते. ती अंथरुणाला खिळलेली, तिला इकडे आणता येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मामींनी जाऊन तिची वेणी घालायची, हा दोघी बहिणींचा नेम.

गेल्या वर्षी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि गाडी कित्येक महिने ताडपत्रीखाली उभी राहिली. मग ती जेव्हा सुरू केली तेव्हा अंगणात असा काळा धूर झाला की शेजारच्या काकू बादली घेऊन धावल्या. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. या गाडीत ते काम कार्ब्युरेटर करतो. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला पाजणारं ते एक भांडंच म्हणायचं. पेट्रोल जास्त झालं की धूर, कमी झालं की इंजिन आचके देऊन बंद. आणि नेमकी त्याच महिन्यात गाडीची नोंदणी संपत होती. नूतनीकरणासाठी आरटीओत गाडी दाखवायची, आणि त्याआधी धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी, पास व्हायला हवी.

पुण्याहून मामांच्या मुलाचा फोन आला. तो म्हणाला, बाबा, आता पुरे. हायवेवरचा एक ढाबेवाला गाडी मागतोय, दारात शोभेला उभी करील, टपावर फुलांच्या कुंड्या ठेवील. मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "माह्या गाडीवर कुंड्या?" मामा मुलाला म्हणाले, "धुराची टेस्ट खरीखुरी करतो. पास झाली तं गाडी राहीन. नापास झाली तं त्याच दिवशी किल्ली तुह्या ढाबेवाल्याले." आणि फोन ठेवला. मामांनी शब्द दिला की तो वजनासारखा, त्यात पुढं घासाघीस नसते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदाच चाचरत म्हणालो, "मामा, बुलडाण्यात माझ्या ओळखीचे आहेत, कागद मिळून जाईल." मामांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू काट्याला खालून चुंबक लावताना मीच सापडलो होतो.

पुढचे दिवस घरात धुराशिवाय विषय नव्हता. मामांनी कार्ब्युरेटर उघडून रॉकेलनं धुतला, एअर फिल्टर बदलला, आणि मग मिश्रणाचा तो बारीक स्क्रू हातात धरून बसले. तो जरा आवळला की इंजिन थरथरून मरायचं, जरा सैल केला की भकाभका धूर. मधली जागा तिळाएवढी. दर वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून डाग पाहायचे. दोरीवर काळ्या वर्तुळांचे रुमाल वाळत पडले. मामी म्हणाल्या, "अवो, पाव्हणे आले तं त्याईले वाटन घरात कोणी बिडी ओढते रुमालानं." पण त्या हसल्या नाहीत. लोणारहून भाच्याचा फोन येऊन गेला होता. थोरली बहीण विचारत होती, येणार कधी?

तपासणीच्या दिवशी मी मोताळ्याला पोचलो तर मामी इरकली नेसून मागच्या सीटवर तयार. मी म्हटलं, "मामी, तुम्ही कशाला? तिथं ऊन आहे, रांग आहे." त्या म्हणाल्या, "नापास झाली तं शेवटचं बसून घेतो." मामांनी ऐकलं असावं, पण किल्ली फिरवली आणि म्हणाले, "जवाईबापू, आता एक ध्यानात ठेवा. इंजिन तापलं की धूर कमी. म्हणून राजूर घाट चढून बुलडाण्याले तापत जायचं आणि मधी बंद करायचं नाही. गरम असताना बंद पडली तं लवकर चालू होत नाही, आणि थंड झाली तं पुन्हा धूर."

घाटात एक कापसाचा ट्रक आमच्या पुढं लागला. त्याला ओलांडता येईना आणि त्याच्यामागं थांबता येईना. तापमानाचा काटा चढू लागला. मामांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण ते पुसायला हात सोडेनात. इंजिन एकदा गुदमरलं, गाडीनं आचका दिला. मामी मागून देवाचं नाव घेऊ लागल्या आणि मीही घेऊ लागलो; वास्तविक मी बँकेत नोकरी करतो आणि एरवी फक्त ऑडिटच्या वेळी देवाचं नाव घेतो. शेवटच्या वळणावर ट्रकवाल्यानं बाजू दिली आणि आम्ही वर आलो.

पीयूसी केंद्र म्हणजे रस्त्याकडेला उभी व्हॅन. तिथं चार मोटारसायकली, एक टेम्पो आणि बातमी एकच, सर्व्हर बंद. कधी चालू होईल कुणाला माहीत नाही. मामांनी इंजिन चालूच ठेवलं. ऊन वर आलं, काटा लाल रेषेकडं सरकला. टेम्पोवाला ओरडला, "काका, बंद करा न गाडी, काऊन पेट्रोल जाळून राह्यले?" मामांनी त्याला हात जोडले. मामांना हात जोडताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या आतल्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवलं तर आत पेट्रोल उकळत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण फडकं क्षणात वाळत होतं. मामींनी पिण्याच्या पाण्याची बाटली पुढं केली आणि ती संपल्यावर रस्ता ओलांडून रसवंतीवाल्याकडून पाण्याचा जग घेऊन आल्या. गुडघे दुखणारी बाई, उन्हात, इरकली सावरत. असे तीन जग झाल्यावर व्हॅनमधून आवाज आला, "नेट आलं!"

व्हॅनवाला तिशीचा असेल. मामांकडे पाहून थबकला. "तुम्ही वजनमापेवाले साहेब न?"

"हाव."

"धाडच्या बाजारात माह्या बापाचा काटा जप्त केला होता तुम्ही. भर बाजारात. मी तथीच बसेल होतो."

मामा म्हणाले, "केला असन. काटा खोटा असन." मला वाटलं, संपलं! त्या माणसानं यंत्राची नळी उचलली, सायलेन्सरमध्ये घातली आणि पडद्याकडं पाहू लागला. धुरातल्या विषारी वायूचा आकडा तीनच्या आत यायला हवा होता. तो साडेतीनवर गेला आणि तिथंच बसला.

"नापास," तो म्हणाला. मग मामांच्या कानाशी तोंड नेऊन, "सायेब, मी अजून चढवलं नाही. नळी जराशी बाहेर ओढतो. हवा मिसळते, आकडा येते खाली. मागं मावशी उन्हात पाणी वाहून राह्यल्या, मी पाह्यलं."

मामांनी मागं वळून मामींकडं पाहिलं. मामींनी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पदरानं काच पुसत राहिल्या. त्या काचेवर काही नव्हतं. मामा म्हणाले, "नाही. नळी पूर्ण आत पाह्यजे. पण मले एकदा स्क्रू फिरवू दे, मंग पुन्हा मोज. चालते का?"

"चालते. सगळेच ट्यून करून आणतात."

मामा बॉनेटखाली वाकले. त्यांनी स्क्रू किंचित आवळला आणि तसेच थांबले. मान वाकडी करून कान इंजिनाकडं नेला, मग दुसरा कान नेला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामांना नीट ऐकू येत नाही. आचका कुठं सुरू होतो ते त्यांना कळतच नव्हतं. घरी ते इतके दिवस रुमाल का धरत होते, तेही मला आत्ता कळत होतं. मामी केव्हा उतरून त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या ते मी पाहिलं नाही.

"अजून," मामी म्हणाल्या. त्यांनी आवळलं. "अजून जरासं. आवाज जाड आहे." इंजिन थरथरलं. "बस्स! आता मांगं घ्या, केसभर. हां. हात काढा."

व्हॅनवाल्यानं नळी पूर्ण आत सारली. आकडा पुन्हा साडेतीनवरून निघाला. तीन पूर्णांक दोनवर रेंगाळला. इंजिनानं एक ठोका चुकवला, मामींनी माझं मनगट धरलं, टेम्पोवालासुद्धा खाली उतरून पडद्याकडं पाहत होता. मग आकडा घसरला, तीनच्या खाली आला, आणखी जरा खाली आला, आणि तिथं थांबला. पास. टेम्पोवाल्यानं टाळी वाजवली. मी मामांचा हात धरायला गेलो, तर मामा व्हॅनवाल्याला विचारत होते,

"तुह्या यंत्राची तपासणी कधी झाली? कॅलिब्रेशनचा दाखला दाखव."

"अवो!" मामी अशा ओरडल्या की रसवंतीचं घुंगरू थांबलं. "चाला न आता!"

पण त्यांनी दाखला पाहिलाच. तारीख चालू होती. चष्मा खिशात ठेवत त्यांनी विचारलं, "बाप आहे का तुहा?"

"आहे. काटा बदलला त्यानं. पण तुम्हाले अजून शिव्या देते."

"बराबर आहे," मामा म्हणाले आणि गाडीत बसले.

आरटीओत साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, दिवे, ब्रेक पाहिले आणि सही केली. परत घाट उतरताना मामा हळूच म्हणाले, "पाच वर्षं भेटली गाडीले. आपल्याले कोण देते?" मागून मामी म्हणाल्या, "मी देतो. पुढं पाहून चालवा." त्याच रविवारी त्या लोणारला गेल्या आणि बहिणीची वेणी घालून आल्या.

पावसाळा सरल्यावर मामा-मामी पुन्हा लोणारला निघाले होते, मीही सोबत होतो. एक ट्रक मागून कितीतरी वेळ हॉर्न देत होता. मामांनी बाजू दिली नाही. मी खांद्याला हात लावून सांगितलं तेव्हा त्यांनी दचकून गाडी कडेला घेतली. ट्रक निघून गेला. मामा तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडून म्हणाले, "सरका तिकडं, जवाईबापू. चालवा तुम्ही." कुणी काही सुचवलं नव्हतं. मामी पेरूची फोड हातात धरून बसून होत्या.

आता महिन्या-दोन महिन्यांनी मीच गाडी चालवतो. मामा डाव्या बाजूला बसतात, वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढतात. बाकी वाटेनं फारसं बोलत नाहीत. फक्त चढ लागला की त्यांचा उजवा पाय हळूच पुढं सरकतो आणि पायपुसण्यावर दाबला जातो, चढ संपेपर्यंत. मी न पाहिल्यासारखं करतो. गाडी वर येते.