आठ तासांचा घेवडा

दादा गेला तेव्हा घेवडा कच्चा होता.

हे वाक्य मी कालपासून मनात इतक्यांदा म्हटलंय की आता इथं लिहूनच टाकते. माझा अजून विश्वास बसत नाहीये.

माझा भाऊ. वय बावन्न. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. शुगर नाही, बीपी नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही कधी.

काल सुट्टी होती त्याची. सकाळी दहाला मला फोन केला.

"मंगे, भांडं लावलंय. येतेस का? सातला जेवू."

भांडं म्हणजे त्याचा तो स्लो कुकर. आत चिनी मातीचं जड भांडं, बाहेर लाईटची वायर. मधे तीन वर्षं तो ब्राझीलच्या एका साखर कारखान्यात होता. ज्या घरात राहायचा तिथली म्हातारी काळा घेवडा मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची, अगदी लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. हा परत आला तो ते वेड घेऊनच. म्हातारी त्यात डुकराचं मटण घालायची, हे आमच्या आत्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. दादाच्यात नुसता कांदा, तमालपत्र आणि काळा घेवडा. रात्रभर भिजवायचा, सकाळी गॅसवर दहा मिनिटं खळखळ उकळून घ्यायचा ("नाहीतर पोट बिघडतं मंगे, कुणाला सांगशील तर हे पण सांग"), आणि मग भांड्यात आठ तास.

मीठ आणि लसणाची फोडणी शेवटी. सातला ताट. बाजूला संत्र्याची फोड.

संत्र्याची फोड. घेवड्याबरोबर. मी किती हसले असेन त्याला.

तो परत आल्यापासूनच्या चार वर्षांत मी तो घेवडा एकदाही खाल्ला नाही. देवळाली प्रवराला त्याच्याकडं जायचे, दुपारी चहा प्यायचे आणि पाचला माझ्या घरची, भिंगारची वाट धरायचे. दर वेळी तो फाटकापर्यंत यायचा. "सातपर्यंत थांब की."

दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या खेपेला.

काल फोनवर म्हटलं, "दादा, आठ तास घेवड्यापाशी बसायला मी रिकामी नाही. माझ्या कुकरला चार शिट्ट्यांत होतो."

तो म्हणाला, "तू शिट्ट्याच मोज." आणि हसत फोन ठेवला.

साडेअकराला परत त्याच्याच नंबरवरून फोन. मला वाटलं, परत तेच. मी कट केला.

मी कट केला तो फोन.

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. वहिनी होती. "ताई, या." एवढंच.

चपला घालता घालता ओट्यावर बसला म्हणे. पाणी मागितलं. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं. घेवड्याला आठ तास देणारा माणूस, आणि स्वतः पाच मिनिटंसुद्धा दिली नाहीत कुणाला.

तीनला त्याला नदीवर नेलं. आम्ही बायका घरी. कोपरगावची आत्या आली होती, ऐंशीच्या पुढची, तिचा शब्द घरात शेवटचा. तिनं घरातलं भरलेलं पाणी ओतायला लावलं, सकाळच्या पोळ्या, दूध, सगळं बाहेर काढायला लावलं. फरशी धुतली. ते भांडं मात्र कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला ना जाळ, ना शिट्टी. कोपऱ्यात गप उभं.

सहाच्या सुमाराला वास आला.

आधी वाटलं शेजारून येतोय. मग वहिनी उठली, आत गेली, आणि बाहेर आलीच नाही. मी गेले तर भांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी. दिवसभर रडली नव्हती. तेव्हाही नाही. नुसती उभी.

मागून आत्या. "हे काय हाय?"

"ह्यांचा घेवडा. सकाळी ह्यांनीच लावलाय."

"टाकून द्या बाहेर. मानूस गेल्यावर घरातलं शिजलेलं ठेवत न्हाईत."

वहिनी हलेना. आणि मी, जिनं चार वर्षं त्या घेवड्याची टिंगल केली, ती मी म्हणाले, "आत्या, हे टाकायचं नाही. मी टाकू देणार नाही."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ऐकवणार. पण तिनं वहिनीला विचारलं, "कवा लावला त्यानं?"

"दहाला."

"आन् शिजला कवा?"

"आत्ता. सहाला."

आत्यानं बोटांवर तास मोजले. "म्हंजी त्यो गेला तवा ह्यो कच्चाच हुता. चूल कुनी पेटवली का?"

"नाही. लाईटवर शिजतो."

"मीठ?"

"नाही. मीठ ते शेवटी घालायचे."

आत्या भिंतीला टेकून खाली बसली. "आपल्यात पयल्या दिशी अळनीच खात्यात," ती म्हणाली. "पोरानं समदं बराबर करून ठेवलंय. वाढा."

आणि मग ती रडली. तिच्यामागं वहिनीही रडली, एकदाची.

शेजारून भाकरी आल्या होत्या. माणसं नदीवरून आली, कडुनिंबाचा पाला चावून आत आली, आणि आम्ही सगळ्यांनी दादाचा घेवडा खाल्ला. फोडणी नाही, मीठ नाही. बोटानं दाबला तरी विरघळेल इतका मऊ. तमालपत्राचा वास. मी दोनदा घेतला.

चांगला होता रे दादा. अळणी होता तरी चांगला होता. मला कुणाचा राग येतोय तेच कळत नाहीये.

फ्रीजमध्ये संत्री होती. चार. वहिनी म्हणाली, तुम्ही याल म्हणून ह्यांनी आदल्या संध्याकाळीच आणून ठेवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले होते.

जा दादा, शांतपणे जा. काल मी थांबले होते.