रंगूनहून आणलेली शांती

आळीत कोणी अंथरुणाला खिळल्याचं कळलं, की हे गृहस्थ काळी टोपी झटकून डोक्यावर ठेवायचे आणि निघायचे. औषध नाही, पेजेचा तांब्या नाही, हात हलवत. उशाशी बसून म्हणायचे, "जमलं ते विस्कटणार. श्वास बघा."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे हे रंगूनला लाकडाच्या वखारीत वीस वर्षं कारकुनी करून रत्नागिरीला परतले होते. बौद्ध माणसं किती शांतपणे मरतात ते तिथे पाहिलं, असं सांगायचे. "रडणं नाही, ओरडणं नाही. नाहीतर तुम्ही!"

एका दमेकरी म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "आज निघायची तयारी आहे ना?" म्हाताऱ्याने उशाचं तांब्याभांडं भिरकावलं. नेम चुकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी शाळामास्तर, त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. मला त्यांचा तिटकारा होता. त्यांची बायको विषमज्वराने गेली त्या दुपारी तर तो पुरता पक्का झाला. मी डॉक्टरांकडून औषध घेऊन आलो, तर ती हात पुढे करून म्हणत होती, "अहो, भय वाटतंय. हात धरा हो जरा."

हे चार हात लांब, मांडी घालून, डोळे मिटून. "हात धरला की जीव अडकतो. तू श्वास बघ."

तेवढ्यात ब्रह्मी म्हातारी आली. ब्रह्मदेशच्या कैदी राजाबरोबर आलेली ही दासी, राजा वारल्यावरही दहा-बारा वर्षं इथेच राहिली होती, आणि आपल्या भाषेत दोन शब्द बोलायला यांच्याकडे यायची. तिने सरळ जाऊन बाईंचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात आपली सूत्रं म्हणू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. सगळं संपल्यावर ती यांना म्हणाली, "बाबू, आमच्या देशात पण हात धरते."

वीस वर्षं या शहाण्याने मरण दारातूनच पाहिलं होतं!

त्यानंतर टोपी खुंटीवरच राहिली. मला दया आली नाही. पुढे त्यांना जलोदर झाला. मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून पेज मीच न्यायचो, तीही कपाळाला आठ्या घालून.

एका संध्याकाळी त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढला. "मास्तर, भय वाटतंय."

पुढचं त्यांच्याने बोलवलं नाही. मला ते कळलं होतं. पण माझं वाक्य कित्येक वर्षं तयार होतं. "श्वास बघा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि हात पुन्हा गोधडीत घेतला.

सकाळी पेज घेऊन गेलो, तर ते गेले होते. तिरडीवर बांधताना त्यांचा हात छातीवर घ्यायचा होता. मूठ घट्ट वळलेली होती. मी ती दोन्ही हातांनी धरली.

शेवटी खांदेकऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "मास्तर, सोडा आता."